रंध्याच्या पोटावरचा नंबर

दि. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुम्हाला फोन करण्यात अर्थ उरलेला नाही. मागच्या खेपेला मी तब्येत विचारली, आणि बिजागऱ्या पितळी घ्याव्यात असं उत्तर मिळालं. जन्मभर रंधा मशीन चालवून कान गेलेल्या माणसाशी पत्रानेच बोलावं. पत्राला ओरडावं लागत नाही.

मी टूल-दुरुस्ती केंद्राच्या खिडकीत बसते, म्हणजे तुमच्या भाषेत लोकांच्या मोडक्या मशिनांची ख्यालीखुशाली विचारते. तर तिथे परवा कंपनीचं पत्रक आलं. तुमच्याकडे जे रंधा मशीन आहे त्याच जातीच्या मशिनांपैकी एका खेपेचा स्विच जुना झाला की चिकटतो. बोट काढलं तरी मशीन फिरत राहतं. पाती पोटाखाली, त्यामुळे वरून काही दिसत नाही. माणूस मशीन टेबलावर ठेवतो, ते आपलं आपण चालायला लागतं, आणि त्याला धरायला माणूस हात पुढे करतो. पुढचं पत्रकात सभ्य भाषेत लिहिलंय. मी ते उतरवून पाठवत नाही.

सगळीच मशिनं अशी नाहीत. कुठली तशी आहेत ते नंबरावरून कळतं. प्रत्येक मशीनवर दोन नंबर असतात. मॉडेल नंबर म्हणजे आडनाव, सगळ्या भावंडांचं एकच. सीरियल नंबर मात्र ज्याचा त्याचा, दुसऱ्या कुणाचा नसतो. मला दोन्ही कळवा. मशीन त्या खेपेतलं निघालं तर कंपनी ते परत घेऊन नवीन देणार आहे. तोवर त्याला हात लावू नका.

बाबा बरे आहेत. वर्कशॉपची वाटणी झाल्यापासून तुम्ही दोघे भाऊ बोलत नाही, म्हणून मधलं टपालखातं माझ्याकडे आलंय. मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना माहीत आहे. ते समोर वर्तमानपत्र वाचताहेत, म्हणजे एकच पान मघापासून धरून बसलेत. काही निरोप द्यायचा का विचारलं, तर म्हणाले की कसला निरोप. तो निरोप कळवते.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, त्यात नंबरांची भर घालावी.

तुमची,
बारकी (आता नावापुरतीच)

दि. ११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तू काळजी करतेस हे चांगलं आहे, पण ती जरा बाजूच्या माणसाची कर. तो तेच पान इतका वेळ धरतो म्हणजे त्याचा चष्म्याचा नंबर वाढला असणार.

मशीनचे नंबर कळवतो. एक ७५० आणि दुसरा ८२. दोन्ही मोठ्या आकड्यांत कोरलेत, म्हणजे महत्त्वाचे असणारच. त्यातलं आडनाव कुठलं आणि नाव कुठलं ते तू ठरव.

मशीन उत्तम आहे. बोट काढलं की थांबतं. हात लावू नका असं तू लिहितेस, पण मी एका दवाखान्याची दारं करायला घेतली आहेत आणि दारं काही नुसत्या बघण्याने सपाट होत नाहीत. काम वेळेत द्यायचं आहे. हाताने रंधा मारायचा तर खांदा साथ देत नाही.

तुझी काकू मजेत आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला लाकडाची गोडी नव्हती, हल्ली एकदम लागली. दिवसभर वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभी असते. स्टूल दिलं तर बसत नाही. संध्याकाळी पाय दुखतात म्हणते.

तुझ्या वडिलांना सांग की वाटणीत चांगलं मशीन त्यांनी नेलं, तरी माझ्या वाट्याचं गरम होणारं मशीन अजून चालतंय. आणि ती चादरही त्यांनीच नेली. मी विसरलेलो नाही.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझा काका

दि. १६ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

७५० हे वॉट आहेत. ८२ ही पात्याची रुंदी. मी तुम्हाला माणसाचं नाव विचारलं आणि तुम्ही त्याचं वजन आणि छातीचं माप कळवलंत.

आता सावकाश वाचा. आधी प्लग काढा. मग मशीन उताणं करा. मोटरच्या बाजूला, पोटावर, एक चंदेरी पट्टी असते. ती दिसणार नाही, कारण तिच्यावर भुशाचा आणि तेलाचा थर असेल. टर्पेंटाइन लावलेल्या फडक्याने पुसा. सॅंडपेपरने नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण खिडकीत असे लोक येतात ज्यांनी पट्टी इतकी लख्ख केलेली असते की तिच्यावर फक्त स्वतःचं तोंड दिसतं. पट्टीवर बरेच आकडे असतील. ‘मॉडेल’ शब्दापुढचा एक आणि ‘सीरियल’पुढचा एक, एवढेच उतरवा.

तुमचं म्हणणं बाबांना सांगितलं. ते म्हणाले की चांगलं मशीन काकांनी नेलं, आणि आपल्या वाट्याला गरम होणारं आलं. म्हणजे दोघांच्याही मते चांगलं मशीन दुसऱ्याकडे आहे. वर्कशॉपमध्ये तर दोनच मशिनं होती. ती दोन्ही गरम होणारी असतील तर चांगलं कोणी नेलं, ह्या हिशेबाने माझं डोकं गरम व्हायला लागलंय.

चादरीचंही विचारलं. त्यांचं मशीन त्याच चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलेलं आहे. आमचं एखादं दार अडायला लागलं की तेवढ्यापुरतं बाहेर येतं.

काकूला स्टूलवर बसवा. कळावे, आणि तुम्हीही कळवावे.

तुमची,
बारकी

दि. २२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू खिडकीत बसून बसून फार शिकवायला लागलीस. मशीन उताणं केलं. चांगलं चार ठिकाणी शोधलं. मुठीच्या आत प्लास्टिकमधून उठून आलेला एक आकडा आहे, भोवती गोल. प्लगवर एक बारीक नंबर आहे, तो काकूने वाचला, तिला प्लगची फार माहिती आहे. पात्यावर एक आहे. पट्ट्याच्या झाकणाच्या आत आणखी एक सापडला. चारही सोबत लिहिलेत, त्यांतला तुला बरा वाटेल तो घे.

तू म्हणतेस ती पट्टीही आहे, पण तिच्यावर माझा तळवा इतकी वर्षं घासलाय की डोळ्यांना काही लागत नाही. बोट फिरवलं की मात्र खाचा कळतात. बोटाने वाचलेलं तुझ्या कंपनीला चालतं का ते विचार.

आपल्या वाट्याला गरम मशीन आलं असं तुझे वडील म्हणतात हे वाचून करमणूक झाली. त्यांना गरम म्हणजे काय ते ठाऊक नाही. माझं मशीन येऊन धरावं, म्हणजे कळेल. येऊ नये असं माझं म्हणणं नाही, यावं असंही नाही.

काकूचे पाय सुजलेत. तरी बसत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद, तुझ्या साहेबालाही.

तुझा काका

दि. २७ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला आकडा मुठीच्या साच्याचा. दुसरा प्लग बनवणाऱ्याचा. तिसरा पात्याचा, आणि चौथा कशाचा आहे ते आमच्या केंद्रात कुणालाच सांगता आलं नाही. तो आता फळ्यावर लिहून ठेवलाय आणि येणारा-जाणारा त्यावर डोकं खाजवतो. काका, बरा वाटेल तो घ्यायला ही साडी नाही.

पट्टीवरचाच नंबर हवा. बोटाने वाचा, भिंगाने वाचा, शेजाऱ्याला बोलवा, पण तिथलाच पाठवा. मला रात्री डोळ्यांसमोर तुमचे हात येतात.

लोभ ठेवा आणि बोटंही.

तुमची,
बारकी

दि. ५ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वाचता येत नसेल तर उतरवून घ्यावं, हे मला कालपर्यंत सुचलं नाही. पातळ कागद पट्टीवर ताणून धरला आणि वरून सुताराची पेन्सिल आडवी घासली. लाकडाच्या रेषा आम्ही अशाच उतरवतो. सगळी पट्टी कागदावर आली, एका कडेचा ओरखडासुद्धा. तो कागद सोबत जोडलाय. त्यात शेवटून दुसरा आकडा मला तीन वाटतो, काकूला आठ. ह्यावरून आमचं जेवण जरा शांततेत झालं.

दारं निम्मी झाली. जे काय निघेल ते लवकर कळव. मशीन घेऊन जाणार असाल तर बाकीची दारं तुझ्या कंपनीने दातांनी तासावीत.

बाकी सर्व ठीक, आशीर्वाद कागदामागे.

तुझा काका

दि. ९ मार्च

ती. काकांस आणि काकूस,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. इतकी सुंदर पट्टी मी आमच्या केंद्रातही पाहिलेली नाही. साहेबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला आणि तुम्ही नोकरी कराल का असं विचारलं.

आता बातमी. तो आकडा तीन असो नाहीतर आठ, तुमचं मशीन त्या वाईट खेपेतलं नाही. दोन्ही बाजूंनी तपासलं. तुमचा स्विच चांगल्या खेपेचा आहे, मशीनवर खुशाल भरवसा ठेवा. मी महिनाभर विनाकारण तुमच्या डोक्याला ताप दिला, त्याबद्दल एक दार माझ्या नावाने तासून टाका.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्यांनी कधी काळजी केली होती. पण वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आता काकूला लाकडाच्या गोडीतून मोकळं करा. प्रेम आहे तसंच राहू द्यावं.

तुमची,
बारकी

दि. १५ मार्च

चि. बारकीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी शेजारणीकडे बसून लिहितेय. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

तुझे काका खोटं बोलत नाहीत. बोट काढलं की मशीन थांबतं, कारण बोट काढलं की मी प्लग उपटते.

मागच्या पावसाळ्यापासून हे चाललंय. त्यांनी डावं कोपर उचललं की मी ओढायचा. मग ते मुठीवर दोन थापा देतात, स्विच सुटतो, मी पुन्हा प्लग घालते. बोर्ड उंचावर आहे, म्हणून बसता येत नाही. आम्ही ह्याला बिघाड म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. दारं चालली होती.

गुरुवारी मला शिंक आली. शिंक काही कोपर बघून येत नाही. प्लग निघायला उशीर झाला आणि ते मशीन टेबलावरून चालत आलं, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख घेऊन गेलं. नखच गेलं. अंगठा आहे. पट्टी बांधून आणली. परत आल्यावर त्यांनी आधी दार बघितलं, कुठे ओरखडा पडला का म्हणून.

मी म्हटलं आता पुरे. तर त्यांनी तुझं पत्र दाखवलं. ते त्यांनी बोर्डाच्या शेजारी खिळ्याला लावलंय, नेमकं माझ्या डोळ्यांसमोर. कंपनीच म्हणते स्विच चांगला आहे, असं ते येईल त्याला सांगतात. दोष माझ्या शिंकेचा ठरलाय.

बारके, तू म्हणतेस मशीन चांगलं. मी म्हणते नाही. पण मी काय, नुसती प्लगजवळ उभी असते. कंपनी चुकते का? की आमचा आकडा तीनही नाही आणि आठही नाही?

मला सर्दी आहे. लवकर लिही.

तुझी काकू

दि. १८ मार्च

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी ते पत्र खिळ्यावरून काढून फाड. त्यातलं एक अक्षरही खरं नाही, आणि ते माझ्याच हातचं आहे. काका ओरडले तर ओरडू देत.

तुझं पत्र वाचून मी तुमचा कागद पुन्हा काढला. नंबर चांगल्याच खेपेचा. मग मला दुसऱ्या मशीनची आठवण झाली. महिनाभर मी तुमच्या मशीनच्या पोटाला हात घालतेय, पण बाबांच्या पलंगाखालच्या मशीनला मी नंबर विचारलाच नव्हता. चादर सोडली, पट्टी पुसली. तो नंबर वाईट खेपेत बरोबर मधोमध. मी घाबरून ते दोन हात लांब धरून चालू केलं, बोट काढलं, आणि ते तत्क्षणी थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. शहाणं मशीन वाईट नंबराचं, आणि उनाड मशीन शहाण्या नंबराचं.

बाबा दारात उभे होते. मी त्यांना नखाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठला अंगठा. तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी सांगू शकले नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग ते खाली बसले आणि चादर जमिनीवर पसरून तिच्यावरचे तेलाचे डाग बघायला लागले. बघता बघता म्हणाले की दर सुट्टीच्या दिवशी ते आणि धाकटा दोन्ही मशिनं ह्या चादरीवर उघडायचे. भुसा झटकायचा, मोटरचे झिजलेले कार्बन बदलायचे, सगळं धुऊन मधे एक ढीग करायचा. दोन्ही मशिनं एकाच जातीची, सगळं सगळ्याला लागायचं. मग हाताला येईल ते उचलून बसवायचं. मूठ ह्याची की त्याची, हे कधी कुणी बघितलंच नाही. बघायचं कारणही नव्हतं.

कळलं का काकू? पट्टी असते पोटावर आणि स्विच असतो मुठीत. काकांच्या पोटाला बाबांची मूठ लागलीय आणि बाबांच्या पोटाला काकांची. मी महिनाभर पोटाला विचारत होते आणि दुखणं मुठीत होतं.

‘धाकटा’ हा शब्द मी ह्या घरात वाटणीनंतर पहिल्यांदा ऐकला. एरवी ‘तुझा काका’ असतो.

आता अडचण अशी आहे की कंपनी फक्त पट्टी बघते. काकांचं मशीन आहे तसं पाठवलं तर हात जोडून परत करतील. मुठी आपापल्या पोटांना परत लावल्या पाहिजेत, आणि ते दोन्ही मशिनं शेजारी उघडल्याशिवाय जमणार नाही. बाबा म्हणाले की जगात हे दोनच माणसांना येईल. त्यातला एक मीच, असंही म्हणाले.

ते उद्या सकाळच्या बसने निघताहेत, मशीन चादरीत बांधून. मी दोन दिवस थांबा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी डबा भरायला घेतला. माझा अंदाज आहे की ते ह्या पत्राच्या आधी पोहोचतील. तसं झालं तर हे वाचत बसू नकोस, त्यांना चहा दे.

तुझ्या पायांना नमस्कार, आणि ते आता वर घेऊन बस.

तुझी,
बारकी

दि. २६ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेजारणीकडे आलेल्या तुझ्या पत्रावरून काकूचं पत्र कळलं. त्याबद्दल मी तिच्याशी बोलणार होतो, पण इथे गर्दी झाल्यामुळे राहिलं.

दादा आला तेव्हा मी दार तासत होतो. तो आत आला, थेट भिंतीकडे गेला आणि काकूच्या हातातून प्लग घेऊन आपल्या खिशात घातला. मग माझ्याकडे आला. वायर ताणून मशीन टेबलावरून त्याच्यामागे यायला लागलं, पण ह्या खेपेला बंद अवस्थेत. त्याने माझा हात उलटा-सुलटा करून बघितला. उजवा अंगठा आहे, तू कळवलं नव्हतंस अशी त्याची तक्रार आहे. मग त्याने चादर पसरली.

बोलणं लगेच सुरू झालं असं नाही. दादाने काही विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं. मी विचारलं, त्याने मान हलवली आणि दुसरंच केलं. मला वाटलं हा अजून रागात आहे. त्यालाही तेच वाटलं म्हणे. मग काकूच्या लक्षात आलं. एका टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही जन्म काढला, मी डावीकडे आणि तो उजवीकडे, मधे मशीन. माझा उजवा कान गेला आणि त्याचा डावा. चादरीवरही आम्ही सवयीने तसेच बसलो होतो, दोन बहिरे कान समोरासमोर. काकूने आम्हाला उठवून जागा बदलायला लावल्या. तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं की तो मघापासून फक्त पाना मागत होता.

मुठी ओळखायला वेळ लागला नाही. एकीवर निळ्या रंगाचा थेंब आहे. तो कुठल्या दारांचा आणि कोणाच्या हातून सांडला ह्यावर मात्र बराच वेळ गेला. तो माझ्या हातून सांडला नाही, हे नोंदवून ठेव. पण पुढे उघडत गेलो तर नुसत्या मुठी नाहीत. पट्टा त्याचा, झाकण माझं, वायर त्याची, स्क्रू तर देवाला माहीत. माझ्या मशीनमध्ये त्याचं निम्मं आणि त्याच्या मशीनमध्ये माझं निम्मं. दोन्ही गरम का व्हायची तेही दिसलं, मोटरचे पंखे उलटसुलट बसलेत. तेव्हा चांगलं मशीन वाटणीत कोणी नेलं हा विषय तिथेच मिटला. मग दादाने विचारलं की दवाखान्याची दारं किती रुंद आहेत.

तुझ्या फळ्यावरचा चौथा नंबर दादाने ओळखला. झाकणाच्या आत तो मीच खिळ्याने कोरलाय, एका जुन्या कपाटाचं माप होतं. कागद सापडला नव्हता. तुमच्या केंद्राला कळव आणि फळा पुसायला सांग.

वाईट मूठ वाईट पोटाला लावून मशीन आज तुमच्याकडे रवाना केलं आहे. नंबर आणि दुखणं आता एकाच जागी आहे. चांगलं मशीन जुळवून दादा दारं तासतोय. माझा अंगठा बांधलेला असल्यामुळे मी फक्त चुका काढतो.

त्याचा स्वेटर आणि जाड काचेचा चष्मा पाठव.

दोघांचेही आशीर्वाद, वेगवेगळे समजू नयेत.

तुझा काका

दि. ७ एप्रिल

ती. काका, ती. बाबा, ती. काकू,
तिघांना एकाच कागदावर शि. सा. न. वि. वि.

मशीन पोहोचलं. खिडकीत मीच बसलेली, म्हणून मीच त्याला मॉडेल नंबर विचारला, सीरियल नंबर विचारला आणि चालू करून बोट काढलं. ते फिरत राहिलं. इतका आनंद मला नादुरुस्त मशीन बघून पूर्वी झालेला नाही. कंपनीने हरकत न घेता बदली मंजूर केली. नवीन मशीन निघालं आहे. मॉडेल नवं आहे, मूठ आणि पोट दोन्ही वेगळ्या घडणीचं. ते जुन्या मशीनबरोबर चादरीवर उघडलंत तरी एकमेकांना काही लागणार नाही, म्हणून ढीग करू नका.

त्याच्या नंबरापुढे मालकाचं नाव लिहून द्यावं लागतं. जागा एकाच नावाची आहे. पट्टी बाबांच्या मशीनची होती, दुखणं काकांनी सोसलं, आणि बाकीचे तुकडे कुणाचे ते तुम्हालाच कळलेलं नाही. नाव कुणाचं लिहू?

स्वेटर आणि चष्मा पाठवलाय. बाबा, तुम्ही परत कधी येताय? इथे स्वयंपाकघराचं दार अडायला लागलंय.

तुमचीच,
बारकी

दि. १६ एप्रिल

चि. बारकीस,
आमचे आशीर्वाद. अक्षर माझं आहे, मजकूर दोघांचा.

मशीन आलं. पट्टी अशी चकचकीत की दादाने चष्म्याशिवाय वाचली. ढीग करायचा नाही ह्याने तो जरा खट्टू झाला, पण चादर तरीही पसरली.

नावाचा निकाल असा. तो म्हणाला माझं लिही, मी म्हणालो त्याचं लिही, आणि आवाज एवढा चढला की समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी एकमत झालं की मालकाच्या जागी तुझ्या काकूचं नाव लिहावं. तिने विचारलं की मी कधी मशीनला हात लावला. दादा म्हणाला, ज्याच्या हाताने ते थांबतं तोच त्याचा मालक.

आता राहिला परत येण्याचा प्रश्न. दादाने ठरवलंय की नवीन मशीन नीट थांबतं ह्याची खात्री झाल्याशिवाय मला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही. त्याप्रमाणे काल चाचणी घेतली. त्याने मशीन चालू केलं, फळीवरून एक हात फिरवला आणि बोट काढलं. मशीन थांबलं. आम्ही दोघांनी वर बघितलं तर काकू भिंतीजवळ उभी, आणि प्लग तिच्या हातात. हात आपोआप गेला म्हणते.

त्यामुळे मशीन स्विचने थांबलं की तिने थांबवलं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. आज पुन्हा बघितलं. तिने हात पदरात बांधून घेतले होते, पण दादाने बोट काढताच सवयीने माझंच कोपर उचललं गेलं, आणि तिचे हात बांधलेले म्हणून मीच जाऊन प्लग ओढला.

उद्या परत बघू. खात्री व्हायला थोडे दिवस लागतील असं दिसतं. तुमच्या स्वयंपाकघराचं दार तोवर उघडंच ठेव.

आशीर्वाद,
तुझा काका आणि शेजारी बसलेले तुझे बाबा